म्लादा बोलेस्लावला नव्यानं येणाऱ्यांसाठी

स्कोडाच्या चाकणच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातून बदली होऊन इथे, चेक प्रजासत्ताकातल्या या मोटारींच्या गावी, येणारी मंडळी मला पहिला फोन करतात तो बहुधा डाळ-तांदळासाठी. किराणा कुठे मिळतो, ते पुढे सांगतोच. पण त्याआधी एक काम करा. पहिल्याच शनिवारी सकाळी जुन्या गावात जा आणि चौकातून चालत चालत थेट किल्ल्याच्या टोकापर्यंत पोचा. मी हे केलं ते यायला दोन वर्षं होऊन गेल्यावर. तोवर मला घर, कारखाना आणि त्यांच्यामधला रस्ता एवढंच गाव ठाऊक होतं. त्या दोन वर्षांची मला आजही चुटपुट लागते.

टोकाशी गेलं की या गावाची जागा डोळ्यांपुढे उलगडते. डोंगराची एक सोंड पुढे आलेली आहे. एका बाजूला खाली यिझेरा नदी, दुसऱ्या बाजूला क्लेनित्से नावाचा लहान प्रवाह, आणि दोघींचा संगम सोंडेच्या पायथ्याशी. तीन बाजूंना उतार, चौथ्या बाजूनं वाट. गडकोट हिंडलेल्या माणसाला इथे किल्ला का बांधला हे विचारावं लागत नाही. प्रागहून उत्तरेकडे लुसाशियाला, म्हणजे आजच्या जर्मनी-पोलंड सीमेवरच्या प्रदेशाला, जाणारी व्यापाराची वाट यिझेराच्या खोऱ्यातून जायची आणि या टोकावरून तिच्यावर नजर ठेवता यायची. आजचा डी-१० महामार्गही त्याच दिशेनं जातो, फक्त तो गावाच्या पूर्वेकडच्या सपाटीवरून. कारखाना आणि बऱ्याचशा नव्या वस्त्या वरच्या सपाटीवर आहेत, जुनं गाव सोंडेवर, आणि मुख्य रेल्वे स्टेशन नदीपलीकडे, गावापासून लांब. म्हणून सामान घेऊन पहिल्यांदा येणाऱ्यांना मी ट्रेन घेऊ नका असंच सांगतो. रेल्वे व्शेतातीवरून वळसा घालून येते. प्रागच्या चेर्नी मोस्तहून बस पकडा, साधारण तासाभरात पोचाल.

आता नावाबद्दल. ‘म्लादा’ म्हणजे तरुण, धाकटी. मग थोरली कुठे, तर प्रागच्या अलीकडे, स्तारा बोलेस्लाव. तिथे पहिल्या बोलेस्लावच्या माणसांनी त्याच्या सख्ख्या भावाचा, बोहेमियाचा (म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागाचा) ड्यूक वात्स्लाव याचा खून केला. हाच वात्स्लाव पुढे चेक लोकांचा संत झाला. पहिल्या बोलेस्लावचा मुलगा दुसरा बोलेस्लाव. त्यानं दहाव्या शतकात आपल्या या सोंडेवर किल्ला वसवला आणि थोरल्या गावाहून वेगळं ओळखू यावं म्हणून याला धाकटी बोलेस्लाव म्हणू लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वात्स्लावच्या नावानं २८ सप्टेंबरला सुट्टी असते आणि मोठी दुकानं कायद्यानं बंद राहतात. नव्या घरांत त्या दिवशी हमखास दूध संपलेलं असतं. १ जानेवारी, ईस्टरचा सोमवार, ८ मे, २८ ऑक्टोबर, २५ आणि २६ डिसेंबर हेही तसेच दिवस. २४ डिसेंबरला दुपारी बारानंतर कुलूप. कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवा.

आधी वस्ती खाली नदीकाठी होती. १३३४ मध्ये मिखालोवित्सेच्या सरदारांनी राजाच्या परवानगीनं गाव वर, किल्ल्याच्या शेजारी आणलं. १६०० साली सम्राट दुसऱ्या रुडॉल्फनं त्याला राजनगराचा दर्जा दिला. पण मला विचाराल तर गावाचं खरं मोठेपण या दोन सालांच्या मधल्या शतकात आहे. ‘येदनोता ब्रात्रस्का’, म्हणजे बंधूंचा संघ, हा चेक धर्मसुधारकांचा एक छोटा, शिस्तीचा पंथ होता. साधं राहणं, मातृभाषेत प्रार्थना, शाळा आणि छापखाने हे त्यांचं बळ. त्यांचं एक मुख्य केंद्र इथे होतं. त्यांचे मोठे विचारवंत लुकाश प्रास्की १५२८ मध्ये इथेच वारले. सोळाव्या शतकाच्या मध्याला या संघानं बांधलेलं भव्य प्रार्थनागृह आजही कार्मेल नावाच्या भागात उभं आहे. १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत कॅथलिक सम्राटाकडून प्रॉटेस्टंटांचा पराभव झाला, त्यानंतर हा पंथ देशात राहू शकला नाही. माणसं परागंदा झाली, वास्तू राहिली.

याच संघातला मिकुलाश क्लाउद्यान. तुमच्यापैकी कुणाला ताप आला किंवा बाळंतपण असलं, तर ज्या इस्पितळात जाल त्याच्या पाटीवर याचंच नाव आहे, क्लाउदियानोवा नेमोत्सनित्से. तो वैद्य होता आणि मुद्रकही. १५१८ मध्ये त्यानं बोहेमियाचा पहिला छापील नकाशा प्रसिद्ध केला. त्या नकाशाची प्रतिकृती कुठे दिसली तर जवळ जाऊन बघा. पहिल्यांदा काहीच कळत नाही, कारण त्यात दक्षिण वर आहे. मान फिरवून पाहिलं की नद्या आपापल्या जागी येतात. मग दिसतं की गावागावांशेजारी बारीक चिन्हं काढली आहेत, कुठे कॅथलिकांच्या किल्ल्या तर कुठे सुधारकांचा प्याला. कुठलं गाव कुठल्या पंथाचं हे त्यानं पाचशे वर्षांपूर्वी नकाशावर मांडून ठेवलं. प्रागकडे जाणाऱ्या वाटांवर ठिपके आहेत, ते मोजले की अंतर कळतं. एका वैद्यानं, एवढ्याशा गावात बसून केलेलं हे काम आहे. त्या पाटीखालून जाताना मला दर वेळी त्याच्याबद्दल आदर वाटतो.

इस्पितळाचा विषय निघालाच आहे तर दवाखान्याचंही सांगून टाकतो. आल्याबरोबर एखाद्या ‘प्राक्तित्स्की लेकार्श’कडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारख्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. मुलांसाठी वेगळा डॉक्टर आणि दातांसाठी वेगळा. नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळायला वेळ लागतो, म्हणून दात दुखायची वाट पाहू नका. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना बसलेल्या सगळ्यांना उद्देशून ‘दोब्री देन’ म्हणायचं, बाहेर पडताना ‘नास्खलेदानोउ’. कुणी ओळखीचं असायला हवं असं नाही. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १५५.

कागदपत्रांबाबत फार लिहीत नाही, कंपनीकडून यादी मिळतेच. मात्र आल्यावर ३ कामकाजी दिवसांच्या आत सरकारी कार्यालयात हजेरी लावायची असते, ते विसरू नका. कर्मचारी कार्डावाल्यांची (हे कार्ड म्हणजे नोकरीचा आणि राहण्याचा एकत्र परवाना) बोटांचे ठसे वगैरे कामं गृहमंत्रालयाच्या कार्यालयात होतात. बहुतेकांना पहिल्या वर्षात चार तासांचा एक ओळख-वर्गही सक्तीचा आहे. तो चुकवला तर दंड होतो. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो आणि त्याला चेक भाषेची ए-२ पातळीची परीक्षा लागते. म्हणजे भाषा आजपासून सुरू करा, चौथ्या वर्षी नव्हे.

भाषेची गोष्ट या गावात जरा वेगळ्या अर्थानं महत्त्वाची आहे. वात्स्लाव क्लेमेंट इथला पुस्तकविक्रेता. त्याची सायकल बिघडली, म्हणून त्यानं जर्मन कंपनीच्या विक्रेत्याला चेक भाषेत पत्र लिहिलं. उत्तर जर्मनमध्ये आलं, आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंटला ते लागलं. त्यानं वात्स्लाव लाउरिन या कारागिराला हाताशी धरलं आणि १८९५च्या डिसेंबरात दोघांनी सायकली दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. सायकलीचं नाव स्लाविया. काही वर्षांत मोटरसायकली आल्या, १९०५ मध्ये त्यांच्या गाडीवर वात्स्लाव वोंद्रझिखनं फ्रान्समधली दुर्दांची आंतरराष्ट्रीय शर्यत मारली, आणि त्याच वर्षी पहिली मोटारही तयार झाली. १९२५ मध्ये प्ल्झेनच्या स्कोडा उद्योगात हा कारखाना विलीन झाला, १९९१ मध्ये फोक्सवॅगन आली, २००१ मध्ये शेंद्र्याला ऑक्टाव्हिया बनू लागली. आपण सगळे इथे आहोत ते त्या एका पत्रामुळे. ज्या रस्त्यावर कंपनीचं संग्रहालय आहे त्याला क्लेमेंटचंच नाव दिलेलं आहे.

चेक भाषा अवघड आहे असं इंग्रजीतून शिकणारे म्हणतात. मराठी माणसानं ती मराठीतून समजून घ्यावी. त्यांना सात विभक्त्या आहेत, आपल्याला आठ पाठ आहेत. आपण ‘घोडा’ म्हणतो पण ‘घोड्याला’, ‘घोड्यात’ करताना आधी ‘घोड्या’ हे सामान्यरूप करतो. तसंच बोलेस्लावचं ‘बोलेस्लावि’ होतं. ‘दो बोलेस्लावि’ म्हणजे बोलेस्लावला, ‘व बोलेस्लावि’ म्हणजे बोलेस्लावमध्ये, ‘झ बोलेस्लावि’ म्हणजे बोलेस्लावहून. आपला प्रत्यय मागे लागतो, त्यांचा शब्द पुढे येतो, एवढाच फरक. संबोधनही आहे. यान नावाच्या माणसाला हाक मारायची तर ‘याने’. आणि तू-तुम्ही आहेच. शेजारच्या आजींना, ऑफिसातल्या नव्या ओळखीच्या माणसाला, दुकानदाराला ‘वी’ म्हणजे तुम्ही. समोरच्यानं, विशेषतः वयानं मोठ्या माणसानं, सुचवल्याशिवाय ‘ती’ म्हणजे तू वर जायचं नाही. हे आपल्याला घरूनच शिकवलेलं आहे, इथे फक्त वापरायचं.

दारात चपला काढायची पद्धतही आपल्यासारखीच. घर बघताना ‘2+kk’ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे दोन खोल्या आणि त्यांतल्याच एकीत स्वयंपाकाचा कोपरा. ‘2+1’ असेल तर स्वयंपाकघर वेगळं. फोडणी करणाऱ्यांनी दुसरं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. इमारतीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. यात पाहुणे, मिक्सर आणि कपड्यांचं मशीन, तिन्ही आले. कचऱ्यात पिवळ्या डब्यात प्लॅस्टिक, निळ्यात कागद, हिरव्यात रंगीत काच. पहिल्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी मला हाताला धरून डब्यांपर्यंत घेऊन गेल्या आणि एकेक झाकण उघडून दाखवलं. त्या वेळी आम्हाला एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. आजही त्यांच्या दारात दिवाळीचा फराळ पहिला जातो.

आता किराणा. डाळी, हळद, हिंग प्रागहून येतं किंवा ऑनलाइन मागवता येतं. पण गावातल्या साध्या दुकानात आपल्या कामाचं किती आहे हे लोकांना ठाऊक नसतं. ‘क्रुपित्से’ म्हणजे रवा. इथल्या मुलांना त्याची दुधातली खीर देतात, आपण शिरा करावा. ‘पोदमास्ली’ म्हणजे ताक. ‘केदलुब्ना’ म्हणजे नवलकोल, वसंतात कोवळा मिळतो. ‘कोप्र’ म्हणजे शेपू, आणि हे लोक त्याचं घट्ट आंबटगोड सॉस करून उकडलेल्या बटाट्यांबरोबर खातात. ज्यांच्या घरी शेपू आवडीनं खातात त्यांनी कॅन्टीनमध्ये ‘कोप्रोव्का’ दिसली तर सोडू नये. एकाच गोष्टीत फसगत होते. ‘क्मीन’ लिहिलेली पुडी जिऱ्यासारखी दिसते पण ते जिरं नव्हे, त्याला शहाजिऱ्याच्या जवळचा उग्र वास असतो. आमची पहिली आमटी त्यानं वाया गेली आणि त्या दिवशी घरात दुसरं काही नव्हतं. जिऱ्यासाठी ‘रझिम्स्की क्मीन’ मागा.

उन्हाळ्यात कारखाना काही आठवडे एकदम बंद होतो. त्या दिवसांत गाव इतकं रिकामं होतं की नव्यानं आलेली कुटुंबं, विशेषतः घरी असणारी बायकामुलं, घाबरून जातात. काही झालेलं नसतं. सगळे आपापल्या खेड्यातल्या घरांवर गेलेले असतात. भारतात जायचं तिकीट शक्यतो याच काळातलं काढा.

गाव नीट पाहायचं तर आणखी एक जागा चुकवू नका, ती म्हणजे ज्यू दफनभूमी. इथे शेकडो वर्षं मोठी ज्यू वस्ती होती. हाब्सबर्ग राज्यात सरदारकी मिळालेला पहिला ज्यू, याकोब बासेवी, १६३४ मध्ये या गावी वारला आणि त्याची कबर तिथे आहे. जानेवारी १९४३ मध्ये नाझींनी परिसरातल्या ज्यू कुटुंबांना आपल्या त्याच किल्ल्यात गोळा केलं आणि तिथून तेरेझिनच्या छळछावणीत पाठवलं. सिनेगॉगही पुढे पाडलं गेलं. किल्ल्यात आज प्रादेशिक संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांच्या वयाला झेपेल तेवढं जरूर सांगा.

आणि एखाद्या रविवारी यिझेराच्या पलीकडे मिखालोवित्सेची ‘पुत्ना’ गाठा. गाव वर आणणाऱ्या त्याच सरदारांच्या किल्ल्याचा हा उरलेला बुरूज, एका बाजूला कललेला. पुत्ना म्हणजे पाठीवर वाहायची टोपली, आणि लांबून तो दिसतोही तसाच. येताना अलीकडच्या काठावर रादोउच नावाची गवताळ टेकडी लागते, ती राखीव आहे. एप्रिलनंतर ऊन पडलेलं असेल तर वाट सोडू नका आणि पाच मिनिटं न बोलता उभे राहा. बिळातून सीसेल, म्हणजे जमिनीत राहणाऱ्या खारी, मागच्या पायांवर ताठ उभ्या राहून बघतात. त्यांना शेंगदाणे वगैरे काही घालू नका. हिवाळ्यात गेलात तर दिसणार नाहीत, त्या खाली झोपलेल्या असतात.