अंतराळपटाची परीक्षणं वाचायची कशी

मोठी उडी मारणारा अंतराळपट आला की एक समीक्षक त्याला दशकातला सर्वोत्तम म्हणतो, दुसरा तीन तासांचा कंटाळा. दोघंही प्रामाणिक असू शकतात. त्यामुळे परीक्षणांतून 'चांगला की वाईट' हे शोधू नका. कुणाला नेमकं काय खटकलं, ते वेगळं काढा.

आधी आकड्यांचा अर्थ लावा. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांचा कौल अनुकूल, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी पाचपैकी तीन तारे दिले, तरी ती १०० होऊ शकते. मेटाक्रिटिक या तशाच संकेतस्थळाचा आकडा मात्र ० ते १०० मधली भारित सरासरी असतो, म्हणजे काही समीक्षकांच्या गुणांना जास्त वजन असतं. महत्त्वाकांक्षी चित्रपटावर मतं दुभंगतात आणि सरासरी ते दुभंगणं झाकते. म्हणून तिथली यादी उघडा, सर्वांत वरची दोन आणि तळाची दोन परीक्षणं पूर्ण वाचा. मधली सोडली तरी चालेल. सिनेमास्कोर हा तिसराच प्रकार आहे: अमेरिकेत पहिल्या दिवशी आलेल्या प्रेक्षकांनी दिलेली श्रेणी. ती बहुतांशी अपेक्षाभंग मोजते. २००२च्या 'सोलारिस'ला तिथे 'एफ' ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली; संथ, अंतर्मुख चित्रपट पाहायला लागेल अशी त्या प्रेक्षकांची तयारी नव्हती, असंच मला त्यातून दिसतं.

मग तारीख आणि आवृत्ती पाहा. '२००१: अ स्पेस ओडिसी' एप्रिल १९६८मध्ये प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेळांनंतर दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने त्यातली सुमारे १९ मिनिटं कापली. त्यामुळे अगदी सुरुवातीची परीक्षणं आज आपण पाहतो त्या चित्रपटाची नाहीतच. सुरुवातीला टीका झेललेला तोच चित्रपट २०२२मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाने घेतलेल्या दिग्दर्शकांच्या मतदानात पहिला आला. मात्र 'आधी नाकारला, नंतर गौरवला' हा साचा प्रत्येक पडलेल्या चित्रपटाला लावू नका. बहुतेक पडलेले पडलेलेच राहतात.

सर्वांत जास्त वेळ विज्ञानावरच्या टीकेला द्या, कारण गफलत तिथेच होते. आक्षेप आकड्यांत मांडता येतो का, ते तपासा. 'ग्रॅव्हिटी'त (२०१३) हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत अंतराळवीर पाठीवरच्या जेट-यंत्राने जातात. हबलच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल सुमारे २८.५ अंश, स्थानकाच्या कक्षेचा ५१.६. कक्षेचं प्रतल (ती ज्या सपाटीत आहे ती) एवढं बदलायला किमान सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर इतका वेगबदल लागतो. नासाच्या खऱ्या जेट-यंत्राची क्षमता सेकंदाला सुमारे २५ मीटर होती. हा आक्षेप ठोस आहे. उलट 'इंटरस्टेलर'मधला (२०१४) 'एक तास म्हणजे सात वर्षं' हा प्रसंग अनेकांना थाप वाटला, पण जवळपास कमाल वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराच्या अगदी लगत तो सापेक्षता सिद्धांतात बसतो. चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी तो हिशेब केला होता. स्तुतीही अशीच तपासा. त्याच चित्रपटातल्या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची एक बाजू डॉप्लर परिणामामुळे (आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा प्रकाश तीव्र होतो) जास्त उजळ दिसायला हवी होती. प्रेक्षक गोंधळू नयेत म्हणून ते मुद्दाम वगळलं गेलं. 'शंभर टक्के अचूक' लिहिणाऱ्याने एवढं पाहिलेलं नसतं.

चूक सापडली की पुढचा प्रश्न: कथा त्या चुकीवर उभी आहे का? 'ग्रॅव्हिटी'चा सगळा प्रवास तिच्यावर उभा आहे, तरी एकाकीपणाचा ताण त्याने ढळत नाही. परीक्षणात हा फरक केलेला नसेल, तर त्याच्या निष्कर्षाला कमी वजन द्या.

संवाद ऐकू येत नाहीत, ही तक्रार आली तर चित्रपट कोणत्या पडद्यावर, कोणत्या ध्वनियंत्रणेवर पाहिला ते शोधा. वेगवेगळ्या चित्रपटगृहांतून तीच तक्रार येत असेल, तर दोष ध्वनिमिश्रणात. एकाच ठिकाणाहून येत असेल, तर बहुधा त्या गृहात.