पावसाळ्यातला पियानो आणि ४४०चा ड्रोन

पणजीत ऐन आषाढात उभ्या पियानोवर एरिक सातीची पहिली जिम्नोपेदी (१८८८) रेकॉर्ड केली. खाली सिंथचा ड्रोन, म्हणजे अखंड चालणारा एकच सूर, लावला आणि मधल्या सप्तकात घूं-घूं लहर उठली. संशय प्लगइनवर, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या जोड-प्रोग्रॅमवर होता, दोष निघाला दमट हवेचा. साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगतो, तारा टेकतात तो ब्रिज वर ढकलला जातो, तारा ताणल्या जातात. मधला 'ए' ४४३ हर्ट्झवर पोचला होता. ४४०च्या ड्रोनशी सेकंदाला तीन ठोके. खर्ज मात्र तेवढा चढला नव्हता.

पियानोचा सूर सॉफ्टवेअरने खाली ओढू नका. पिच-शिफ्टने हातोडीच्या आघाताचा चोथा होतो. ड्रोनच १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर घ्या. खर्जाचा ड्रोन वेगळ्या ट्रॅकवर ठेवून ४-५ सेंटच चढवा, शेवटचा निवाडा कानाचा.

उरली ग्रॅन्युलरची टकटक. ग्रॅन्युलर म्हणजे रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे, ग्रेन, उचलून त्यांचा नवा आवाज विणणे. ८० मिलिसेकंदांच्या ग्रेनमध्ये आघात अडकला की तोच पुन्हापुन्हा वाजतो. म्हणून प्रत्येक सुराचे पहिले १५० मिलिसेकंद सोडून ग्रेन उचलले; प्रत्येक ग्रेनच्या कडा मऊ करायला हॅन विंडो, ग्रेनचा एकमेकांवर ओव्हरलॅप ५० टक्के.

रिव्हर्बच्या (कृत्रिम घुमाऱ्याच्या) आधी २०० हर्ट्झला हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर, हवाच, नाहीतर सगळ्याची पेज होते. तीही गार झालेली.