शनिवारचा बाजार बुधवारीच संपतोय? मग या चुका टाळा

आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात अजून बऱ्याच घरात पैसा महिन्याने येत नाही, आठवड्याने येतो. मागावरचं काम, हप्त्याचा पगार, मधी दोन दिवस लाईट गेली नाहीतर बीम (मागावरचा सुताचा रूळ) संपला की तेवढा पगार कमी. त्यामुळं ते महिन्याचं बजेट, एक्सेल शीट वगैरे आमच्या कामाचं नाही. शनिवारी बेळगावचा आठवडी बाजार, पिशव्या घ्यायच्या, बसमध्ये चढायचं (२०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसला पैसे लागत नाहीत, तेवढं एक बरं झालं) आणि पुढच्या शनिवारपर्यंत पाच माणसांचं पोट त्या पिशवीतनं चालवायचं. मी हे बारा वर्षं करतेय, आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं दर बुधवारी माझ्या घरात माळवं, म्हणजे भाजीपाला, एकतर संपलेलं असायचं नाहीतर कुजलेलं असायचं. मला वाटायचं भाव वाढलेत म्हणून पुरत नाही. मग एकदा रागानं महिनाभर सगळं वहीत लिहिलं, अगदी पाच रुपयाची कोथिंबीरसुद्धा, तेव्हा कळलं की शनिवारी मी ठीकच खर्च करतेय, पैसा जातोय बुधवार ते शुक्रवार गल्लीतल्या दुकानात, दहा-वीस-तीस करत.

आमचा आकडा सांगते म्हणजे पुढचं समजेल. दूध आणि गॅस सोडून आठवड्याला १,५०० रुपये. माळवं ४००, डाळी-कडधान्य २५०, तेल १५०, दळपाचे जोंधळे १५०, अंडी-मासळी २००, चहा-साखर-गूळ १२०, शेंगदाणे-खोबरं-जिरं-मोहरी असलं बारीकसारीक १३०, आणि १०० बाजूला, ते का ते खाली सांगते. तांदूळ रेशनचा. तुमच्या घरी माणसं कमी-जास्त असतील, भाव वेगळा असेल, आकडे तुमचे तुम्ही बसवा.

डबे न बघता पिशवी उचलणे

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी ती वर्षानुवर्षं केलीय. बाजारात गेलं की समोर जे दिसतंय ते घ्यायचं. गणपत गल्लीच्या तोंडाला एक अक्का मेथी घेऊन बसायच्या, मला बघितलं की "हत्तक्क एरडु, तगो अक्का", दहाला दोन म्हटल्यावर कोण सोडतंय, मी चार पेंड्या घ्यायची. पुढं पालक स्वस्त, तो दोन पेंड्या. मग शेपू. घरी आले की लक्षात यायचं की पालाच पाला आणलाय, आणि तोही बटाट्याच्या खाली दबून निम्मा काळा झालेला.

एका शनिवारी सासूबाईंनी ती पिशवी माझ्यासमोर फरशीवर ओतली. काही बोलल्या नाहीत, नुसत्या वाटण्या करत बसल्या. मेथी, शेपू एका बाजूला, "हे आज आणि उद्या." वांगी, भेंडी, गवारी मधी, "हे मंगळवारपर्यंत थांबतंय." कोबी, दुधी, भोपळा, बटाटा भिंतीकडं, "ह्यांना घाई नाही." भिंतीकडं त्या दिवशी फक्त बटाटा होता. मग म्हणाल्या, "घर बघून बाजार करतात गं, तू बाजार बघून घर चालवायलीस."

तेव्हापासून माझी यादी भाजीच्या नावाची नसतेच, दिवसांची असते. शनिवार-रविवार पाला. सोमवार-मंगळवार वांगी, भेंडी, गवारी, बीन्स असलं. बुधवारी माळवं नाहीच, कडधान्य. गुरुवारी कोबी किंवा भोपळा. शुक्रवारी जे उरलंय ते सगळं घालून सांबार नाहीतर पिठलं-भाकरी. म्हणजे पाल्याच्या फक्त दोन पेंड्या, मधल्या भाज्या अर्धा-अर्धा किलोच्या दोन, आणि टिकणाऱ्या दोन. अक्कांनी कितीही हाक मारली तरी तिसरी पेंडी नाही. फ्रिज आहे म्हणून टिकतंय असंही समजू नका, ओली मेथी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली की फ्रिजमध्येही दोन दिवसात चिकट होते. पेंडी सोडायची, कुजकी पानं काढायची, धुवायची नाही, पेपरात गुंडाळून ठेवायची, धुवायची ती भाजी करायच्या वेळी.

आणि पिशवी भरताना जड सामान खाली, पाला वर. सांगायची गोष्ट नाही खरं, पण बसमध्ये बसायला जागा मिळेल या घाईत आपण काय करतो ते आपल्यालाच माहीत.

बुधवारचं चिकन

बुधवार आला, भाजी संपली, आणि बुधवार म्हणजे आपल्याकडं खायचा वार. मग काय, "अर्धा किलो चिकन आणूया की." अर्धा किलो पाच माणसात कुणालाच पुरत नाही, पोरं भांडतात, वर आलं-लसूण-खोबरं-तेल वेगळं, आणि एका रात्रीत दोन दिवसाचे पैसे गेले. मी चिकन बंद करा म्हणत नाही. आमच्यात ते रविवारी असतं, पंधरा दिवसातनं एकदा, आधी ठरवून. मधल्या बुधवारी अंडी नाहीतर सुकं. पावसाळ्याच्या आधी सुकट, जवळा, खारा बांगडा थोडा घेऊन डब्यात घट्ट बंद ठेवला की मूठभर सुकटीत कांदा घालून चटणी होते आणि अख्खं घर भाकरी जास्त खातं.

पण बुधवारचा खरा आधार मसूर. आपल्या बेळगाव शिवारात भात कापलं की ओलीवर मसूर, हरभरा पेरतात, ती गावरान बारीक मसूर मिळाली तर तीच घ्या, जरा महाग पडली तरी. तूरडाळीच्या मागं लागून रोज वरण करणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. अख्खी मसूर भिजवायला विसरलात तरी अडत नाही, हरभरा-राजम्यासारखं नाही. एक मोठी वाटी, म्हणजे दीडशे-एक ग्रॅम, धुऊन कुकरला तीन-चार शिट्ट्या. एका कढईत दोन चमचे तेल, मोहरी, ठेचलेली लसूण, एक कांदा लाल होईपर्यंत, मग दीड चमचा कांदा-लसूण चटणी, आणि ती करपायच्या आत लगेच मसूर पाण्यासकट ओतायची. मीठ, चिमूटभर गूळ, दोन आमसुलं. टोमॅटो पाहिजेच असं काही नाही, टोमॅटो साठ रुपये झाला की लोकं हळहळत बसतात आणि घरातली चिंच, आमसुलं डब्यात तशीच. थोडी मसूर डावानं कढईच्या कडेला रगडली की आमटी दाट होते. पाच माणसांचं रात्रीचं जेवण आणि सकाळी डब्याला थोडं. हुलगे, मटकी, वरणा आलटून पालटून. मटकी शनिवारी रात्री भिजत टाकायची वगैरे करू नका, मंगळवारी सकाळी भिजवा, रात्री बांधा, बुधवारी मोड तयार.

रेशनच्या तांदळाला नाक मुरडणे

२०२५ मध्ये बीपीएल कार्डावर माणशी १० किलो म्हटल्यावर पाच जणांच्या घरात ५० किलो तांदूळ यायचा. त्याच्या आधी २०२३ च्या जुलैपासून जादा ५ किलोऐवजी माणशी १७० रुपये खात्यावर यायचे, २०२५ मध्ये परत तांदूळच सुरू झाला. एवढा तांदूळ घरात असताना लोकं दारावर येणाऱ्याला तो विकतात आणि त्या पैशात दुकानातला तांदूळ आणतात. एक तर तो विकणं गुन्हा आहे, आणि हिशोब केला तर देताना मिळतात त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे घेताना जातात.

दुसरं म्हणजे "त्यात प्लॅस्टिकचे दाणे असतात" ही अफवा. आमच्या शेजारच्या वैनी ताटात तांदूळ पसरून एकेक पिवळसर दाणा वेचून टाकायच्या, तासभर. ते दाणे फोर्टिफाईड, तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेले, साधारण शंभर दाण्यांत एक मिसळलेला. दिसायला वेगळे, पाण्यात कधी वर तरंगतात म्हणून संशय येतो. वेचू नका, तेच तर कामाचे आहेत.

चव नाही म्हणता तर त्याचा साधा भातच कशाला करायचा? डोसा, इडली, आप्पे याच्यासाठी हा तांदूळ चांगला, तीनास एक उडीदडाळ, मूठभर मेथीदाणे. खानापूरकडं तांदळाची भाकरी रोजची, धुऊन सावलीत वाळवून गिरणीला द्या, उकडीच्या पाण्यात मळा. आमच्यात सकाळचा नाष्टा आठवड्यातनं तीनदा याच तांदळाचा असतो, त्यामुळं रवा-पोहे-ब्रेडचा खर्च निम्मा झाला. वासाचा तांदूळ, बेळगाव बासमती म्हणा की इंद्रायणी, तो किलोभर वेगळ्या डब्यात पाहुणे आले की. पोरकिडे झाले तर उन्हात घालू नका, दाणा तडकून कणी होते, सावलीत पसरून पाखडा आणि डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका.

तेलाची पिशवी थेट कढईवर कापणे

पिशवी कापली की हात सैल सुटतो. आमच्यात आता एक पाऊण लिटरची बाटली आहे, शनिवारी भरायची, ती आठवड्याची. गुरुवारी खाली गेलेली दिसली की आपोआप भजी रद्द होतात. आणि तेल घेताना नुसता मोठा भाव बघू नका. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण शेजारच्या ब्रँडची तशीच दिसणारी पिशवी ८५० नाहीतर ८०० ग्रॅमची असते आणि दहा रुपयांनी स्वस्त म्हणून आपण खूश. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किती पैसे ते छापलेलं असतं, चष्मा लावून तेच वाचा. शॅम्पू-साबणालाही हेच चालतं.

वर्षाचं सामान आठवड्याच्या पैशातनं घेणे

फेब्रुवारी-मार्च आला की मिरची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, वर धणे, खोबरं, मसाला, डंकावरची कुटणावळ. एका आठवड्यात दोन-अडीच हजार कुठनं काढणार? मग उधारी, मग पुढचे चार आठवडे ओढाताण, आणि लोकं म्हणतात बजेट जमत नाही. म्हणून ते आठवड्याचे १०० रुपये बाजूला. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे, त्यात जातात, घरात ठेवले तर राहत नाहीत. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० हातात येतात ते पण मी आठवड्यात धरत नाही. खात्यावर जमा झालेले दिसले की त्यातनं शेंगदाणे, गूळ, जोंधळ्याचं अर्धं पोतं असलं ठोक सामान रविवार पेठेतनं. येणार आहेत म्हणून आधीच खर्चाला धरले की फसलात.

उपवासाचंही तेच. संकष्टी, सोमवार, नवरात्र, उपवास म्हणून खायचं कमी आणि खर्च जास्त. साबुदाणा, वर शेंगदाण्याचं कूट, वर तूप. नवरात्राच्या आसपास आपल्या भागातली रताळी निघतात, एवढी की गाड्या भरून बाहेर जातात, ती उकडून खा की, साबुदाण्यापेक्षा पोटही भरतंय.

पोरांचे दहा रुपये

दोन पोरं, रोज दहा-दहाचा पुडा, सात दिवस, १४० रुपये. माझ्या तेलाएवढे. एकदम बंद केलं तर रडारड होते, मी करून बघितलंय, आजी लपून देते. आता शनिवारी किलोभर चुरमुरे आणते, लसूण-शेंगदाणे-कडीपत्ता घालून भडंग, डबा खालच्या फळीवर, पोरांचा हात पोचेल असा. पुडा फक्त रविवारी. सासरे असते तर म्हणाले असते, भडंग पण शुक्रवारपर्यंत पुरत नाही तुमच्यात, आणि ते खरं आहे, गुरुवारी डबा वाजतो.

आता शुक्रवारी रात्री जेवणं झाली की मी वही घेऊन कट्ट्यापाशी उभी राहते आणि एकेक डबा उघडून बघते. जिरं आहे, मसूर दोन वेळची आहे, गूळ नाही, चहापत्ती सोमवारपर्यंत. पाच मिनिटाचं काम. २०२४ च्या शेवटाला लसूण किलोला ४०० च्या घरात गेली होती तेव्हापासून सासूबाई लसणीची टोपली स्वतःच्या खोलीत ठेवतात, त्यामुळं तेवढं एक माझ्या यादीत कधी येत नाही. शनिवारी बसमध्ये चढल्यावर फोन येतो, "लसूण लिहिलीस काय गं?"