नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्याची डिस्क तपासा
चतुर्थीच्या तोंडावर सवलतींच्या जाहिराती पाहून नवा लॅपटॉप घेण्याचे ठरवण्याआधी घरातला संथ झालेला जुना लॅपटॉप एकदा नीट तपासून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. टास्क मॅनेजरच्या (संगणकाचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारा विंडोजमधला प्रोग्रॅम) ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्कपुढे ‘एचडीडी’ असे दिसत असेल आणि साधी फाइल उघडतानाही तिचा वापर 100 टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसून फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. अशा जुन्या लॅपटॉपमध्ये सहसा तिच्याच जागी 2.5 इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसते. फोंड्याला आमच्या घरी 2016 साली घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटे लागत. एसएसडी बसवल्यापासून अर्धे मिनिटही लागत नाही, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या दशांशाहून कमी आला. डिस्क बदलण्याआधी सगळ्या फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लॅपटॉप महिनोन्महिने कपाटात बंद ठेवू नये, आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवावा. टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा चार्जिंग ताबडतोब थांबवून आधी ती बदलून घ्यावी.