पत्रक कुणाच्या पैशाचं, ते कसं शोधायचं

ऑक्टोबर लागला की अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरी पिझ्झाच्या कुपनांपेक्षा निवडणुकीची पत्रकंच जास्त येतात. जाड, गुळगुळीत कागद आणि मुद्दाम काळवंडवलेला उमेदवाराचा फोटो. बायको ती थेट रिसायकलच्या डब्यात टाकते. मी आधी तळ बघतो.

तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'पेड फॉर बाय' असतं. पुढचं नाव टिपून घ्या. कुटुंब, स्वातंत्र्य, उज्ज्वल भविष्य असल्या गोड नावांना भुलू नका. 'नॉट ऑथराइज्ड बाय एनी कँडिडेट' असंही छापलं असेल म्हणजे कुठल्याही उमेदवाराची त्याला मंजुरी नसेल, तर खर्च बाहेरच्या गटाचा, बहुधा सुपर पॅकचा (उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणारा गट). उमेदवाराला एका माणसाकडून २०२५-२६ मध्ये एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरच घेता येतात. प्रायमरीचे (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचे) वेगळे, मुख्य निवडणुकीचे वेगळे. सुपर पॅकला २०१० च्या कोर्टनिकालांपासून मर्यादाच नाही, आणि कंपन्याही देऊ शकतात.

आता ते नाव फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर टाका. (काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्षपदासाठीच, राज्याच्या निवडणुकांचा हिशेब राज्याकडे.) 'रिसीट्स' (जमा झालेले पैसे) उघडा, मोठी रक्कम वर येईल असं लावा आणि पहिल्या दहा ओळी वाचा. खाली उतरायची गरज क्वचितच पडते.

मागच्या खेपेला मी असंच केलं, तर सगळ्यात मोठी देणगी तशाच गोड नावाच्या एका ना-नफा संस्थेची निघाली. तिला देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत. झालं, वाट तिथेच बंद. दुसऱ्या एका गटाचं पानच कोरं होतं: मतदानाच्या दोन आठवडे आधी जन्मलेला, त्यामुळे पहिला हिशेब थेट डिसेंबरात. तारखा बघून केलेली चलाखी, दुसरं काय!

स्वतः देणगी देणार असाल तर लक्षात ठेवा, २०० डॉलरच्या वर गेलात की तुमचं नाव आणि नोकरीचं ठिकाणही तिथे दिसतं. ग्रीन कार्डवाल्यांना देता येतं, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावाल्यांना नाही. माझा भाचा त्यातलाच. तो म्हणाला, "मामा, तुझ्या कार्डावर टाक, मी तुला पैसे देतो." दुसऱ्याच्या नावाने देणं हा गुन्हा आहे, बाबा. बिनपगारी काम मात्र चालतं, म्हणून त्याने शनिवारी दारोदार पत्रकं वाटली.