क्लिंगॉनमध्ये ‘दुसरा’ आणि ‘दोनदा’

क्लिंगॉन, म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधली कल्पित भाषा, शिकताना ‘-डिच’ आणि ‘-लोग’ या प्रत्ययांत गोंधळ होत असेल, तर आधी आपला ‘-दा’ आठवा. ‘दोनदा’ म्हणजे चा’लोग आणि ‘दुसरा’ म्हणजे चा’डिच. प्रत्यय वेगळा आहेच, पण खरी मेख जागेची आहे.

मराठीत ‘दुसरं जहाज’ म्हणतो, क्लिंगॉनमध्ये मात्र क्रमवाचक शब्द नामाच्या नंतर येतो: ‘डुज चा’डिच विलेग’, म्हणजे मला दुसरं जहाज दिसतं. ‘-लोग’ क्रियाविशेषणाचं काम करतो, म्हणून तो वाक्याच्या अगदी सुरुवातीला बसतो: ‘चा’लोग डुज विलेग’, जहाज दोनदा दिसतं. माझा हात अजूनही सवयीने ‘चा’डिच’ आधी लिहितो.

तीनच्या बाबतीत तर जास्तच जपा. नुसतं ‘वेज विलेग’ म्हटलं की ‘मला तो अजून दिसत नाही’ असाही अर्थ होऊ शकतो, कारण ‘वेज’ म्हणजे तीन आणि ‘अजून नाही’सुद्धा! ‘तीनदा’ म्हणायचं तर ‘वेजलोग’च हवं.

सराव मी ठाणे-वाशी लोकलमध्ये करते. ऐरोलीला एक, रबाळ्याला दोन, घणसोलीला तीन. स्टेशन आलं की त्या आकड्याची दोन्ही रूपं पुटपुटायची आणि दोन्हींचं एकेक वाक्य करायचं. कोपरखैरणेपर्यंत चार आकडे होतात. उच्चारात आपण नशीबवान आहोत. ‘-डिच’मधला ड जीभ टाळूकडे वळवूनच म्हणायचा असतो, अगदी ‘डबा’तल्यासारखा. ‘-लोग’चा ग मात्र घशातून, घासून काढा.