थिसिसमध्ये दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत कसं मांडायचं

उतारा कळेपर्यंत वाचा, मग पुस्तक मिटा, पीडीएफही बंद करा. इथपर्यंत सोपं आहे.

खरी गोची पुढे. जळगाव-धुळ्याच्या एमए, पीएचडीच्या पोरांचे ड्राफ्ट मी बरीच वर्षं तपासतोय आणि "चार शब्द बदल, चालतं भो" हा सल्ला ऐकला की डोकं फिरतं, कारण शब्द बदलले तरी वाक्याचा सांगाडा मूळ लेखकाचाच राहतो. समजा मूळ वाक्य आहे, "यावल आणि रावेर तालुक्यांत केळीची लागवड वाढल्याने भूजलाचा उपसा वाढला व विहिरींची पातळी खालावली." पोरं लिहितात, "रावेर व यावल तालुक्यांमध्ये केळीचं क्षेत्र वाढल्यामुळे भूजल जास्त उपसलं गेलं आणि विहिरींचं पाणी खाली गेलं." ही उचलेगिरीच, खाली संदर्भ दिला तरी.

त्यापेक्षा स्वतःला विचारा, हा माणूस नेमकं काय म्हणतोय आणि मला ते कशासाठी हवंय? तुमचा विषय विहिरी असेल तर सुरुवातही विहिरींपासून करा: "यावल-रावेरच्या विहिरींचं पाणी खोल जाण्यामागे अमुक लेखक केळीकडे बोट दाखवतात; बागा पसरल्या तसं भूजलही जास्त खेचलं गेलं, असं त्यांचं म्हणणं." क्रम बदलला, जोर बदलला, मुद्दा तोच. जमत नसेल तर घरात कुणालातरी तोंडी सांगा आणि जे बोललात तेच लिहा. तोंडीही सांगता येईना तर उतारा कळलेलाच नाही, परत वाचायला घ्या.

मात्र अर्थ फुगवू नका, मुळात "एक कारण" असेल तर तुमच्याकडे ते "मुख्य कारण" होता कामा नये. भूजल, ठिबक सिंचन हे ठरलेले शब्द तसेच ठेवा, शब्द फिरवून देणारी ऑनलाइन टूल्स नेमके हेच बिघडवतात. इंग्रजीतून मराठीत आणलंत तरी विचार त्यांचाच, संदर्भ द्यायचाच.

यूजीसीच्या उचलेगिरीबद्दलच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला कारवाई नाही, म्हणून आकडा त्याखाली आला की लोक निवांत होतात. हे साम्य मोजणारं सॉफ्टवेअर मुख्यतः जुळणारे शब्द शोधतं, उचललेला सांगाडा त्यातून सुटू शकतो, पण व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, बसलेल्या जाणत्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

शेवटी मूळ उतारा उघडून आकडे, गावांची नावं, सालं जुळवा आणि पान नंबर तेव्हाच टाका.